बाळीवेशीतली बिनपाटीची खानावळ

खानावळीला पाटी नाही, आणि नाव-नंबर कुठं टाकू नकोस असं ती चालवणाऱ्या अक्कांनी मला बजावून सांगितलंय. "पोरं वाढली तर भाकरी थापायला बायका कुठनं आणू?" हे त्यांचं कारण, आणि ते मला पटलं. त्यामुळे पत्ता अर्धामुर्धाच देते. सोलापुरात मल्लिकार्जुनाच्या देवळाकडून बाळीवेशीत आत शिरा, दुपारी साडेबाराच्या सुमारास. ज्या दारातून भाकरी थापल्याचा आवाज येतोय आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडलाय, तिथं थांबा. "अक्कांची खानावळ कुठंय" असं मात्र विचारू नका. या भागात अक्का पुष्कळ आहेत. चार माणसं चार दारं दाखवतील.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ॲडमिशनचे दिवस. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्यांच्या, कृपेनं कोकणातली, मुंबईतली, विदर्भातली पोरं-पोरी सोलापुरात उतरणार, होस्टेलच्या गेटासमोर जी पहिली मेस दिसेल ती लावणार आणि डिग्री संपेपर्यंत लाल ग्रेव्हीतले पनीरचे चौकोन मोजत बसणार. मीही आधी असल्याच एका मेसला होते. तिचं नाव घेत नाही. तिथं वाईट असं काही नव्हतंच. जिरा राईस, दाल फ्राय, मऊ पांढरी चपाती, रविवारी फीस्ट म्हणून गुलाबजाम. नागपूरला गेलात तरी हेच, नाशिकला गेलात तरी हेच. ते खाऊन आपण कुठल्या गावात राहतोय ते तोंडाला कळत नाही, एवढीच माझी तक्रार.

पण खरं सांगायचं तर तेव्हा मला ते कळून घ्यायचंही नव्हतं. मी मालवण तालुक्यातली. आमच्या घरी जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात, त्यावर तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं किंवा ओल्या खोबऱ्याची आमटी, आणि शेवटी सोलकढी. भाकरी आम्हीही खातो, पण तांदळाची. शेंगदाणे दिसतात ते उपासाच्या दिवशी. अक्कांकडे मला ओढत नेलं ते अक्कलकोटकडच्या रूममेटनं, आणि पहिल्या दिवशी ताटात काय काय पडत गेलं ते बघून मी गप्पच झाले. ज्वारीची भाकरी. शेंगांची चटणी. वांग्याची भाजी, तिच्यात शेंगांचं कूट. आमटी, तिच्यातही कूट. कच्चा कांदा, बुक्कीनं फोडलेला. हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि तो तिखट वाटला तर आणखी दाण्याचं कूट शेजारी तयार. भात शेवटी आला, मूठभर, तोही मागितला म्हणून. रात्री आईचा फोन, "भात मेळता मां गो थंय?" मेळता, म्हटलं.

भात का कमी याचं उत्तर आभाळात बघायचं. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्याकडे तेवढा एका जुलैत पडून वर उरतो. इथली काळी माती मात्र ओल धरून ठेवते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर फेब्रुवारीपर्यंत काढणीला येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पुण्या-मुंबईचे दुकानदार ज्या मालदांडीच्या नावानं पाच-दहा रुपये जास्त लावतात, तो मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेला, म्हणजे इथून पुण्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात येणाऱ्या गावातून. अक्कांची ज्वारी मंगळवेढ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्यानं येते. सुगीनंतर एकदम भरून ठेवतात. दळण मात्र रोजच्या रोज, आणि या खानावळीचं अर्धं यश त्या रोजच्या दळणात आहे.

ते मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कळलं. ज्वारीत गव्हातला तो चिवटपणा नसतो, ग्लुटेन नाही. पीठ चार दिवस पडून राहिलं की विरी जातं, मग भाकरी हातावरच फाटते. इथं भाकरीला एक मावशी आणि त्यांची सून बसतात. लाकडी काथवटीत पीठ, त्यात कढत पाणी, आणि मग तळहाताच्या टाचेनं मळणं. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळतात. सगळं पीठ एकदम मळून ठेवत नाहीत. खाली पीठ भुरभुरून थापायला घेतलं की भाकरी आपोआप गोल फिरत जाते, निदान बघणाऱ्याला तसं वाटतं. बोटं नक्की कधी फिरवतात ते मला अजून टिपता आलेलं नाही. मग दोन्ही हातांवर उचलून तव्यावर, पिठाची बाजू वर. त्यावर लगेच पाण्याचा हात. हे पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, नाहीतर भाकरीला भेगा पडतात. दुसरी बाजू भाजली की तव्यावरून काढून थेट निखाऱ्याशी उभी करतात, आणि ती फुगते. फुगलेली भाकरी ताटात पडली की वरचा पापुद्रा आधी सोडवायचा. त्याच्यावर चटणी, चटणीवर दही. खालचा जाड भाग आमटीसाठी राखायचा. हे सगळं दोन-तीन मिनिटांत, कारण गार झालेली ज्वारीची भाकरी खाणं हे वेगळं काम आहे.

मी चमचा मागितला होता. अक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. "अगं, तुकडा मोड की. चमचा काय करूलालीस?" मग त्यांनीच माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, अंगठा आणि दोन बोटांत मुडपून त्याची खोलगट वाटी केली, आमटीत बुडवून दाखवली. वीस वर्षांची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, आणि अख्खी पंगत बघत होती. "जेवूलालीस की बघूलालीस?" असं वर. पुढं कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात.

आता चटणी. सोलापूरची शेंगा चटणी जगभर पाकिटातून जाते, तुम्ही कधीतरी खाल्लीच असेल. पाकिटातली आणि अक्कांची यात फरक कशानं पडतो ते मात्र सांगायला हवं. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. साहित्य इतकंच. मिक्सरला फिरवलं तर दाण्यांची भुकटी होते. तेल सुटतं ते पात्यापाशीच, आणि लसूण सगळीकडे सारखा लागत नाही. उखळात कांडलं की दाणा फुटतो, चेपतो, स्वतःच्या तेलात भिजत जातो. लसणाचा रस त्यातच जिरतो. अशी चटणी मुठीत दाबली की लाडवासारखी वळते आणि बोटांना तेल लागतं. अक्कांकडे आठवड्याची चटणी एकदम कांडतात, बहुधा सोमवारी सकाळी, आणि त्या दिवशी बोळाच्या तोंडाशीच लसणाचा वास येतो. मंगळवारी ती ताजी म्हणून झोंबते. माझ्या मते तिसऱ्या-चौथ्या दिवसाची सगळ्यात चांगली. यावर पंगतीत मतभेद आहेत.

बाजारातली घ्यायचीच झाली तर नव्या पेठेत आणि आसपास भरपूर दुकानं आहेत. पाकिटावरचं नाव बघण्याआधी पाकीट दाबून बघा. चटणी सैल, पावडरीसारखी हलत असेल तर ठेवून द्या. गोळा धरून बसली असेल आणि प्लॅस्टिकला आतून तेलाचा पट्टा दिसत असेल तर घ्या. लालभडक रंगाला भुलू नका.

कडक भाकरीबद्दल माझं मत बरेच दिवस वाईट होतं. पातळ थापून, भाजून, पुरती वाळवलेली भाकरी, हातात घेतली की मोडते. अक्कांकडे ती पत्र्याच्या डब्यात कायम भरलेली असते, आणि भाकरीवाल्या मावशी रजेवर असल्या की तीच. मला वाटायचं, ही शिळ्या भाकरीची सोय. मग एका परीक्षेच्या काळात रात्री उशिरापर्यंत जागायची वेळ आली. रूमवर खायला काही नव्हतं. रूममेटनं पिशवीतून कडक भाकरी काढली, ताटलीत चुरली, दुपारच्या डब्यातली उरलेली आमटी गरम करून वर ओतली आणि म्हणाली, थांब जरा. अर्धी भाकरी आमटी पिऊन मऊ होते, अर्धी कुरकुरीत राहते. त्या मधल्या वेळेत खायची. फार थांबलात तर लापशी होते. त्या रात्रीपासून माझ्या कपाटात कडक भाकरी असते. थंडीत बाजरीची, तीळ लावलेली मिळते, ती घ्या. दह्यात चुरून, वरून चटणी आणि बारीक कांदा घालून सकाळचा नाश्ताही होतो, आणि अक्कांकडे नाश्ता नसल्यामुळे हे उपयोगी पडतं.

आठवड्याचा मेनू ठरलेला असा नाही. बाजारात काय स्वस्त आहे त्यावर चालतं. पालेभाज्यांनी मला सगळ्यात जास्त चकवलं. करडईची पानं खातात हे मला ठाऊक नव्हतं. करडई म्हणजे तेल, एवढंच माहीत. इथं थंडीत करडईची कोवळी भाजी डाळ घालून करतात, किंचित कडसर, लसणाची फोडणी, आणि ती भाकरीशिवाय कशाबरोबरच चांगली लागणार नाही. चुका, चाकवत, शेपू, अंबाडी आलटून पालटून. अंबाडी माझी लाडकी, कारण ती आंबट. आंबटाला चटावलेल्या कोकणी जिभेला इथं आधार तिचाच. पूर्व भागात, साखर पेठेकडं राहणारी माझी तेलुगू मैत्रीण तिच्या घरची अंबाडी आणते ती आणखी तिखट आणि आणखी आंबट असते. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली घरांची ती भाजी आहे. अक्का ती चाखून म्हणाल्या, "तेल लई." पण वाटी पुसून खाल्ली.

भरलं वांगं सणासुदीलाच नाही, आठवड्यातून एकदा तरी असतंच. तीळ, दाणे, सुकं खोबरं, काळं तिखट. आमच्याकडचं खोबरं ओलं, गोडसर. इथं खोबरं भाजून काळं करतात तेव्हा मला आधी करपलंय की काय असं वाटलं होतं. काळ्या तिखटाचा खमंगपणा त्या भाजण्यातूनच येतो. दगडफूल, धणे, लवंग सगळं तेलावर परतलेलं. हे तिखट अक्का उन्हाळ्यात एकदा करतात आणि वर्षभर पुरवतात. विकत देत नाहीत. मी मागून बघितलंय.

एका संध्याकाळी जिना चढताना घरचाच वास आला. अगदी आमच्या स्वयंपाकघराचा, पावसाळ्यातल्या रात्रीचा. आत जाऊन बघते तर हुलग्याच्या शेंगोळ्या शिजत होत्या. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. आई त्याची पिठी करते, आमसूल घालून, भातावर ओतायची. इथं हुलग्याचं पीठ लसूण-मिरचीचं वाटण घालून घट्ट मळतात, दोन तळहातांत लांब वळी करतात, तिची टोकं जुळवून कडी करतात आणि उकळत्या तिखट रश्श्यात सोडतात. शिजता शिजता रस्सा आपोआप दाट होतो. त्या दिवशी मी भाकरी बाजूला ठेवून तीन वाट्या प्यायले. अक्कांनी काही विचारलं नाही, चौथी वाढली.

पुढच्या सुट्टीत मी घरून आमसुलं आणली आणि अक्कांना दिली. शेंगोळ्यात दोन घालून बघा म्हटलं. त्यांनी घातली, चाखली, थोडा विचार केला. "आंबट बरं हाय. पण आपल्यात चालायचं नाही." बाकीची पुडी मला परत. तेव्हा थोडं मनाला लागलं. पण आता वाटतं, या खानावळीचं भांडवल हेच आहे. पोरं कुठनं कुठनं येतात, नांदेडची, जळगावची, एक बिहारचाही आहे. कुणासाठी तिखट कमी होत नाही, कुणासाठी भात वाढत नाही. तिखट लागलं तर दही मागा, तूप मागा, कूट कालवा. ताट तेच राहणार. शेवटी आपणच त्या ताटापर्यंत चालत जातो.

थंडी हा इथला खरा मोसम, आणि नव्यानं येणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत जमेल तितकं घरी जाणं टाळावं असं मी सांगेन. एक तर हुरडा. कोवळी कणसं शेतातल्या आगटीत भाजून हातावर चोळतात, हिरवे दाणे गरम गरम तोंडात, सोबत चटणी, गूळ, दही. पर्यटनवाल्या हुरडा पार्ट्या महाग पडतात. वर्गात एक तरी शेतकऱ्याचा पोरगा असतो, त्याच्याशी चांगलं वागा.

आणि वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या. सोलापूरच्या सीमेलगतचा भाग, लातूर, धाराशिव आणि पलीकडं कर्नाटक, एवढ्या टापूत ही पाळतात. बाकीच्या महाराष्ट्राला तिचा पत्ता नसतो. त्या दिवशी खानावळ बंद. ज्या पोरी घरी गेल्या नव्हत्या त्यांना अक्का टमटममध्ये घालून अक्कलकोट तालुक्यातल्या माहेरच्या शेतावर घेऊन गेल्या. शेतात कडब्याची कोप उभी केलेली, आत दगडांचे पांडव मांडलेले, चुन्यानं रंगवलेले. पूजा झाली, नैवेद्य झाला आणि जेवणं ज्वारीच्या उभ्या पिकाच्या कडेला बसून. ताटात भज्जी. नावावरून मला तळलेली भजी वाटली होती; निघाली ती तूर, वाटाणा, हरभरा यांचे ओले दाणे आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या, बेसन आणि चिंचेत एकत्र शिजवलेल्या. हिरवट, दाट, आंबट. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले पिठाचे गोळे, त्या भज्जीत कुस्करून. शिवाय गव्हाची खीर. आणि मातीच्या घागरीतली आंबील: ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेलं, लसूण लावून आंबू दिलेलं. पहिल्या घोटाला माझं तोंड वाकडं झालं. पण जेवणाच्या शेवटी आंबट काहीतरी पिऊन उठायची सवय मला लहानपणापासूनची. सोलकढीच्या जागी ती आंबील कधी बसली कळलं नाही. घागर रिकामी करणाऱ्यांत मी होते, असं रूममेट अजून सगळ्यांना सांगते.

मासे. हा विषय टाळून कोकणी माणसाचं लिहिणं पुरं होत नाही. अक्कांचं घर लिंगायत, सगळं शाकाहारी, अंडंही नाही. बाहेर सावजींची मटण-भाकरी आहे, तिचा तांबडा तवंग बघूनच घाम फुटतो, पण महिन्यातून एकदा जायलाच हवं. मासा खायचा तर उजनी धरणातला चिलापी, रोहू. खाल्ला. गोड्या पाण्यातला मासा शेवटी गोड्या पाण्यातलाच. यावर मी जास्त बोलत नाही.

गोडात शेंगापोळी. भाजलेल्या दाण्याचं कूट आणि गूळ भरलेली पोळी, वरून तूप. पुरणपोळीपेक्षा मला ही जास्त आवडते असं लिहिलं तर घरात भांडण होईल, तरी लिहिते. ती दहा-बारा दिवस सहज टिकते, कोल्हापूर करून एसटीनं घरी नेली तरी मोडत नाही. अक्का ऑर्डर घेतात, दोन दिवस आधी सांगायचं. मी गणपतीला नेल्या होत्या. आईनं एक खाल्ली, दुसरी अर्धी, आणि म्हणाली, "ह्यात जरा खोबरा असता तर?" म्हणजे आवडली.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्ही येऊन मला शिव्या घालाल.

बसायला खाली जुन्या सोलापुरी चादरी घडी करून टाकलेल्या. छान दिसतं, पण साडेबारा ते दीडच्या गर्दीत मांडीला मांडी लागते आणि पाठ टेकायला भिंत मिळत नाही. एकच पंखा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, चूल शेजारच्याच खोलीत, तेव्हा दुपारचं जेवण हा सहनशक्तीचा विषय होतो. मी उन्हाळ्यात दुपारी डबाच घेते. डब्यात भाकरी मऊ पडते, त्याला इलाज नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे नव्यानं येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. पाण्याची ओढ असली की अक्का ताटांऐवजी पत्रावळी काढतात, आणि त्या आमटी धरत नाहीत. पिण्याचं पाणी जारचं असतं, तरी आपली बाटली न्या. रात्रीची भाजी पुष्कळदा दुपारचीच असते, फोडणी नवी. ताक पातळ. फार पातळ. अक्कांना सांगून झालंय. "उन्हाळ्यात असंच पितात," म्हणतात, आणि हिवाळ्यातही तसंच देतात.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा असते तेव्हा खानावळ काही दिवस बंद राहते. घरातले सगळे मिरवणुकीतल्या नंदीध्वजांमागं. भोगीच्या दिवशी अक्षता सोहळा, त्या आधी-नंतर अक्कांचा फोनही लागत नाही. होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरलेला असतो, तिथं पोट भरतं, पण सलग दोन दिवसांनंतर पोट बोलायला लागतं. तेवढ्या दिवसांची कडक भाकरी आधीच आणून ठेवा.

पैसे: मी दोन्ही वेळचे महिन्याला २,८०० भरते, पाहुणा आणला तर त्याच्या ताटाचे ९०. भाकरी हव्या तितक्या. चपाती हवी असेल तर सकाळी सांगावं लागतं आणि दोनच मिळतात. पाचपैकी मी चार देईन. एक ताकाचा कापला.

कुणी येऊ नये हेही सांगते. ज्यांना जेवताना मोबाइल बघायचाय त्यांनी येऊ नका, अक्का हातातून काढून घेतात. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी तर उंबराही ओलांडू नका. गंमत म्हणून लिहीत नाही. कूट नसलेला पदार्थ या स्वयंपाकघरात शोधावा लागतो. ज्यांना रोज वेगळं लागतं, त्यांचंही जमायचं नाही.

बाकीच्यांनी पहिले पैसे भरायच्या आधी खाड्याचं बोलून घ्या. नियम असा: आदल्या रात्री सांगितलं तरच खाडा धरतात, आणि सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर धरत नाहीत. हिशोब अक्कांच्या नातवाकडं, वहीत. फोनपे चालतं, पण नोंद वहीत झाली का ते स्वतः बघून या. आणि सुरुवातीला दही रोज मागा. मागितल्याशिवाय वाढत नाहीत.